सातव्या गावाखालचा कैदी

१

पहिल्यांदा ते चौथ्या गावाखाली दिसलं की पाचव्या, हे काकांना आता छातीठोकपणे सांगता येत नाही. वहीत 'पाचवं' असं लिहिलेलं आहे. पण शाई वेगळी वाटते, अक्षर नंतरचं वाटतं, आणि स्वतःच्या अक्षराची साक्ष काढण्याइतका विश्वास काकांना स्वतःबद्दल कधीच नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी संख्याशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट मिळवली, आणि त्या विद्येचा घरात उपयोग काय, तर कुलूप लावल्यावर सात वेळा ओढून पाहायचं, जिना उतरायचा आणि अर्ध्या जिन्यातून पुन्हा वर यायचं.

या खोडीनेच त्यांना सत्तरी ओलांडल्यावर नोकरी मिळवून दिली. त्यांची पुतणी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती कुठेच सरळ चालत गेली नाही, गिरक्या घेतच गेली. तिचे आईवडील लवकर गेले, ती काका-काकूंकडे वाढली. मग काकूही गेल्या, आणि काकांना आपलं म्हणावं असं जगात एवढंच माणूस उरलं. भिंगरीने एकदा दाराशी उभं राहून त्यांची कुलूपओढ शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाली, "काका, घरी याला वेड म्हणतात. आमच्या ऑफिसात टेस्टिंग म्हणतात. येताय का?"

२

गेममध्ये सात गावं होती. वर बाजार, पाव भाजायची भट्टी, घड्याळाचा मनोरा, कपडे धुवायचे हौद. सगळं उन्हात न्हालेलं. आणि प्रत्येक गावाच्या पोटात एक तळघर. भट्टीमागची फरशी सरकवायची, नाहीतर हौदातलं पाणी सोडून द्यायचं, की दगडी जिना दिसे. खाली पहारेकरी. त्यांना मारत मारत शेवटच्या कोठडीपर्यंत पोचायचं. तिथे एक कैदी असे, हडकुळा, गुडघ्यांवर बसलेला, तोंडावर पोतं बांधलेला. त्याला सोडवलं की गाव जिंकलं.

"पण लोक सोडवायला येतात आणि आधी दोन हाणून बघतात," बॉसने पहिल्याच दिवशी सांगितलं. बॉस काकांच्या विद्यार्थ्यांपेक्षाही लहान होता, पण त्याच्या कपाळाला आठ्या मात्र साठीच्या होत्या. "म्हणून कैद्याला प्रत्येक बाजूने, प्रत्येक हत्याराने मारून पाहायचं. हात भिंतीत घुसतोय का, पाय तुटून वेगळा दिसतोय का, बघायचं."

चार बाजू, आणि तलवार, गदा, कुऱ्हाड, मूठ अशी चार हत्यारं. म्हणजे सोळा रकाने, आणि प्रत्येक रकान्यात दहा घाव. एका गावाखाली एकशेसाठ. सकाळी दहाला काका डबा खाली ठेवून कंट्रोलर हातात घेत आणि एका बांधलेल्या माणसाला मारायला बसत. गदा पोत्यावर बसली की ओल्या टॉवेलात गुंडाळलेला कोबी आपटल्यासारखा आवाज येई. तो आवाज खरोखर तसाच तयार केलेला होता. कुऱ्हाडीचा आवाज मात्र कशाचा होता, हे काकांनी कधी विचारलं नाही.

शेजारच्या टेबलावर पैलवान बसे. चाळीस किलोची, चष्मा लावणारी बाई; ऑफिसात सगळ्यांत जास्त मुडदे तिने पाडले होते म्हणून हे नाव.

"काय डॉक्टर, सकाळपासून किती गेले?"

"बासष्ट."

"वा! हात बसला की तुमचा. आमच्याकडचे डॉक्टर एवढे पटापट मारत नाहीत."

आणि एक नियम होता, तो पैलवानने त्यांना पहिल्याच आठवड्यात पढवला. एकदा दिसलेला बिघाड हा बिघाड नसतो. काही वावगं दिसलं की लगेच बोंब मारायची नाही. तेच, तसंच, दहा वेळा पुन्हा करून पाहायचं. दहापैकी किती वेळा झालं ते लिहायचं, मगच वर पाठवायचं. काकांना हे फार पटलं. आयुष्यभर त्यांनी मुलांना दुसरं काय शिकवलं होतं?

३

कैद्याचं शरीर दाढीवाल्या पुरुषाचं होतं, पण त्याच्या हालचाली भिंगरीच्या होत्या.

तेच तिचं काम. ऑफिसच्या खालच्या मजल्यावर काळ्या पडद्यांचा हॉल होता. अंगाला चिकटून बसणारा, जागोजागी पांढरे गोळे लावलेला पोशाख घालून ती मधोमध उभी राही आणि चहूबाजूंचे कॅमेरे तिचं पडणं, धडपडणं, कोलमडणं टिपून घेत. तीच हालचाल मग कोणाच्याही अंगात भरता येई. कैद्याच्या माराच्या अकरा हालचाली होत्या. काका एकदा बघायला गेले होते. एक माणूस स्पंजच्या दांडक्याने तिला मारत होता आणि ती पडत होती, हसत होती, उठून पुन्हा पडत होती.

"प्रत्येक वेळी हात डोक्यावरच का नेतेस?" काकांनी विचारलं.

"माणूस डोकंच आधी वाचवतो, काका. अकराच्या अकरा वेळा हात वरच. बॉसचा हुकूम आहे."

त्या दिवसापासून काकांना मारणं जड जाऊ लागलं. दाढीवाला कोलमडे, पण उजवा खांदा आधी टेकवायची लकब भिंगरीची. लहानपणी ती पलंगावरून पडे ती अशीच. काका स्वतःला समजावत, हे चित्र आहे, सावली आहे, सावलीला लागत नाही. आणि बटण दाबत.

४

पाचव्या गावाखाली (वहीवर विश्वास ठेवायचा तर) समोरून गदेचा तिसरा घाव घातला तेव्हा कैद्याचा उजवा हात डोक्यावर गेला. डावा गेला नाही. तो खाली उतरला आणि पोटावर ठेवला गेला. हलकेच, झोपलेल्या मुलाला जागं न करता पांघरूण सारखं करावं तसा.

काका थांबले. त्यांनी हालचालींची यादी काढली. कैद्याच्या अकरा पाहिल्या, पहारेकऱ्यांच्या तेवीस पाहिल्या. पोटावर हात कुठेच नव्हता.

मग नियमाप्रमाणे त्यांनी आणखी दहा घाव घातले. पोतं मागे झुके, पुढे येई, पुन्हा मागे झुके. पोत्यावर काळपट ओल पसरत गेली. दहापैकी चार वेळा हात पोटावर आला.

"चार?" बॉस म्हणाला. "चारला मी काय करू? दहा वेळा दाखवा, नाहीतर सोडून द्या."

"पण ती हालचाल आपल्याकडे नाहीच. मग ती आली कुठून?"

"दोन हालचाली एकमेकींत मिसळल्या असतील. डॉक्टर, तुमचा डोळा चांगला आहे, पण तुम्ही फार विचार करता."

हे काकांना उभ्या आयुष्यात सगळ्यांनीच सांगितलं होतं, त्यामुळे त्यांना ते खरंही वाटलं.

जेवायच्या सुटीत भिंगरी डबा घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली. चेहरा उतरलेला.

"सकाळपासून पोटात कोणी गुद्दे घालतंय असं वाटतंय," ती म्हणाली आणि इकडेतिकडे बघून आणखी जवळ सरकली. "काका, तुम्हालाच सांगते. घरात फक्त यांना माहीत आहे. आठवा आठवडा आहे."

काकांच्या हातातला घास हातातच राहिला.

"अहो, हसा तरी! आजोबा होणार तुम्ही. आणि कोणाला सांगू नका इतक्यात. उद्यापासून तो पोशाखही बंद, घरीच बसणार आहे."

"सकाळी," काका म्हणाले, "किती वाजता दुखत होतं?"

"हे काय विचारणं झालं?"

"सहज."

"अकराच्या सुमारास. का हो?"

काका हसले. अकराला ते गदेच्या रकान्यात होते.

५

सहाव्या गावाचे रकाने आधीच भरून झालेले होते. सातव्या गावाखाली त्यांनी दोन दिवस कैद्याला हात लावला नाही. पहारेकरीच मारत बसले. एक योगायोग म्हणजे काहीच नाही, हे त्यांना कळत होतं. एवढ्यावर वर्गातल्या कोणी निष्कर्ष काढला असता तर काकांनी त्याला उभा केला असता. पण 'काहीच नाही' हेही सिद्ध झालेलं नव्हतं, आणि सिद्ध न झालेली गोष्ट काकांच्या डोक्यात दातात अडकलेल्या तुसासारखी राही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरी असलेल्या भिंगरीला फोन लावला. काय करणार आहेत, हे त्यांनी स्वतःला नीट शब्दांत सांगितलं नव्हतं. फोन कानाशी, एक हात कंट्रोलरवर, समोर टेबलावर एक नाणं.

"काय करतेस?"

"वाचत पडलेय. आज एकदम बरं वाटतंय. तुम्ही कामावरून गप्पा मारताय? बॉस कान धरील."

काकांनी नाणं उडवलं. छापा पडला तर मारायचं, काटा पडला तर नाही. आपल्या मनाचा कल मध्ये येऊ नये, म्हणून. छापा पडला. त्यांनी सगळ्यांत हलकं हत्यार निवडलं, मूठ. कोठडीत कैद्याचं पोतं झटक्यासरशी वळलं आणि त्याचे दोन्ही हात पोटाकडे गेले.

फोनमध्ये श्वास अडकला.

"काय गं?"

"काही नाही, कळ आली बारीकशी. तुम्ही बोला ना."

ते शेजाऱ्यांबद्दल बोलले, गळक्या नळाबद्दल बोलले. काटा. मारलं नाही. भिंगरी कशावर तरी खळखळून हसली. छापा. "आई गं." छापा. "थांबा हं, काका." काटा. ती सावरली, पाणी प्यायली, त्यांना गोळ्या वेळेवर घेता का म्हणून दटावलं. छापा. काटा. छापा.

आठ वेळा नाणं उडालं. पाच वेळा मारलं, पाचही वेळा तिला लागलं. तीन वेळा मारलं नाही, तिन्ही वेळा काही झालं नाही. हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता छप्पन्नात एक. पाठ्यपुस्तकं विसात एकवरही समाधान मानतात.

ते गणित मनातल्या मनात पुरं होत होतं तेव्हा फोनमधून भिंगरीचा आवाज आला, अगदी लहान झालेला. "काका, मला उठता येत नाहीये."

६

तिच्या नवऱ्याने तिला दवाखान्यात नेलं. दुपारी त्याचा फोन आला: थोडं रक्त गेलंय, पण बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत, पूर्ण झोपून राहायला सांगितलंय. फोन ठेवल्यावर काकांनी बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं.

मग ते तडक बॉसकडे गेले. "सातव्या गावाचा कैदी यादीतून काढा. बिघाड आहे."

"दाखवा."

पैलवानही खुर्ची सरकवून बघायला आली. काकांनी भट्टीमागची फरशी सरकवली, जिना उतरले, कोठडीचं दार उघडलं. त्यांना मारायचं नव्हतं. बॉसने त्यांच्या हातून कंट्रोलर घेतला आणि कुऱ्हाड उचलली. काका "नको" म्हणाले, पण बॉसचं लक्ष पडद्यावर होतं. घाव बसला. कैद्याचे दोन्ही हात डोक्यावर गेले. दुसरा घाव. हात डोक्यावर. तिसरा घाव, खांद्यात रुतला, भिंतीवर शिंतोडे उडाले. हात डोक्यावरच.

"कुठाय?" बॉसने विचारलं. "हे बघा, तुम्ही दमलायत. एवढं गाव झालं की चार दिवस सुटी घ्या. पण हे रकाने उद्या संध्याकाळपर्यंत मला भरलेले हवेत. रिकामे राहिले तर वरचे तुम्हाला ठेवून घेणार नाहीत."

बॉस गेला. पैलवान पाणी आणायला उठली. कंट्रोलर टेबलावर पडला होता, काकांचे हात मांडीवर होते.

पडद्यावर कैद्याने डोक्यावरचे हात काढले. आधी एक, मग दुसरा. सगळे गेल्याची खात्री करून घ्यावी तसे. मग तो कुशीवर वळला, गुडघे पोटाशी घेतले आणि उजव्या खांद्यावर भार टाकत कोपऱ्याकडे सरकू लागला. भिंत आली तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड केलं, पाठ काकांकडे. जे काय यायचं ते पाठीवर यावं अशा बेताने. पोतं तोंडापाशी आत जात होतं, बाहेर येत होतं. या गेममध्ये श्वास कोणालाच दिलेला नव्हता. पोत्याखाली ओठ हलले. दोन वेळा, सारख्याच आकारात. आवाज नव्हता. पण तेच अक्षर दोनदा येणारी हाक काकांनी पंचवीस वर्षं रोज ऐकली होती.

त्यांनी भिंतीतून प्लगच उपटला.

पैलवान ग्लास घेऊन आली. "डॉक्टर, अहो, पांढरेफटक पडलाय! घरी जा बघू. इथलं मी बघते."

७

दुसऱ्या दिवशी काका कामावर गेले नाहीत. सकाळी नऊपासून भिंगरीच्या घरी, तिच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसले. नवरा औषधं आणायला गेला होता. खिडकीतून ऊन येत होतं. भिंगरीच्या गालांवर रंग परतला होता.

"तुम्ही माझ्याकडे असे बघताय, जणू मीच कुलूप आहे," ती म्हणाली. "ओढून बघा हवं तर. लागलंय नीट."

काका हसले. आत काहीतरी सैल झालं. आपण हत्यार खाली ठेवलंय, यंत्र बंद आहे, कोठडीत कोणी नाही. आता काही होणं शक्य नाही.

अकराच्या सुमारास ती बोलता बोलता आखडली. दोन्ही हात पोटाशी गेले. सावरली, आणि पुन्हा आखडली. मग पुन्हा. अधेमधे जेमतेम एक श्वास घ्यायला सवड. काकांनी तिचे खांदे धरले. दर खेपेला तिचं अंग पलंगावर असं उडे, की पलंगाचे पाय फरशीवर वाजत. तिने काकांच्या मनगटात नखं रुतवली. ओरडली नाही, दात घट्ट मिटून ती गुडघे वर घेत भिंतीकडे वळायला बघत होती. चादरीवर लाल पसरत चाललं होतं. काकांनी मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही मोजलं नाही.

मग ते थांबलं. भिंगरीने पोटावरचे हात काढून घेतले आणि दोन्ही बाजूंना ठेवून दिले.

"गेलं, काका," ती म्हणाली.

८

भिंगरी वाचली. पुढे ती आणि तिचा नवरा दुसऱ्या शहरात गेले. ती काम बदलून शाळेत शिकवू लागली. रविवारी तिचा फोन येई. काकांनी तिला कधीच काही सांगितलं नाही.

आणि सांगण्यासारखं होतं तरी काय? त्या सकाळी त्यांनी मारलं नव्हतं. प्लग त्यांनी स्वतःच्या हाताने काढला होता. तरीही व्हायचं ते झालंच. याचा अर्थ दोन्हींचा काही संबंध नव्हता, नाण्यांचा तो खेळ म्हणजे छप्पन्नातला तो एक होता. तेवढा एक येतोच कधीतरी, म्हणून तर त्याला शक्यता म्हणायचं. हे वाक्य काका सहा वर्षं रोज स्वतःला सांगत आणि त्यावर झोपत.

सातव्या वर्षी त्यांना बँकेच्या रांगेत पैलवान भेटली. केस पिकले होते, चष्मा जाड झाला होता.

"डॉक्टर! अहो, किती वर्षांनी! पुतणी कशी आहे?"

"बरी आहे."

"तुम्ही अचानक सोडूनच गेलात. मला तेव्हा फार वाईट वाटलं. बॉस तुमच्यावर चिडायला टपलाच होता, पण मी त्याला तोंडच उघडू दिलं नाही."

"म्हणजे?"

"तुमचे सातव्या गावाचे रकाने. मीच भरून टाकले, दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या. तुमच्या नावाने. आणि ऐका तर, तुम्ही म्हणत होतात ना, तो पोटावर हात धरतो? मला दिसलं! अगदी तुम्ही सांगितलं तसं. म्हटलं, सगळ्यांनी या म्हाताऱ्याला वेड्यात काढलं, आता याचं खरं करून दाखवायचंच. गदा घेतली आणि नियमाप्रमाणे लागोपाठ मारत गेले."

रांग पुढे सरकली. काका सरकले नाहीत.

"तुम्हाला पाठवणार होते मी. आहे अजून माझ्याकडे, घर बदलताना सापडलं." तिने फोन काढला, बराच वेळ बोट फिरवलं आणि जुन्या तक्त्याचा फोटो त्यांच्यापुढे धरला. तिच्या चेहऱ्यावर, उशिरा का होईना, एखाद्याची वस्तू त्याला परत केल्याचा आनंद होता.

काकांनी चष्मा पुसून वाचलं. वर त्यांचं स्वतःचं नाव होतं. तारीख भिंगरीच्या त्या दिवसाची होती, वेळ सकाळी अकरा. खाली लिहिलं होतं: सातवं गाव, कैदी, गदा, समोरून. दहापैकी दहा वेळा. दहाव्या घावानंतर कैदी पोटावरचे हात काढून दोन्ही बाजूंना ठेवतो. त्यापुढे मारलं तरी हलत नाही.